एकच पुस्तक पाचव्यांदा वाचणारी मुलगी

"मॅडम, दहावीला ९१ टक्के होते हो हिला, आणि आता अकरावीत नुसती ती जादूची पुस्तकं, तेही एकच पुस्तक पाच-पाच वेळा, जेवताना पण तेच, मला तर भीतीच वाटायला लागलीय की हिला खरं-खोटं कळतंय की नाही." आई बोलत होती आणि मुलगी शेजारी मान खाली घालून बसलेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

ही काळजी मनात घेऊन बरेच पालक माझ्याकडे समुपदेशनाला येतात म्हणून आधी तेच सांगते. मूल झोपतंय का, जेवतंय का, कॉलेजला जातंय का, एखादी तरी मैत्रीण आहे का आणि गोष्ट ही गोष्टच आहे हे त्याला माहितीये का, एवढं मी पहिल्यांदा बघते. यातलं बरंच बिघडलं असेल किंवा कुणी नसताना आवाज ऐकू येत असतील तर सरळ सायकियाट्रिस्टकडे जायचं, आणि कुठे जावं तेच सुचत नसेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, पैसे लागत नाहीत. हिची झोप जरा कमी होती, बाकी सगळं ठीक.

मग आईला बाहेर बसवलं आणि हिला पुस्तकाबद्दलच विचारलं. उर्सुला ले ग्विनचं 'द टूम्ब्ज ऑफ अटुआन', १९७१चं, म्हणजे 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'चा पुढचा भाग. म्हणलं पहिला भाग नाही का आवडला, तर म्हणाली आवडला, पण तो त्या मुलाचा आहे, हा तिचा आहे. मग पहिल्यांदाच धडाधड बोलायला लागली. टेनार नावाच्या मुलीला पाचव्या वर्षी आईबापापासून उचलून देवळात नेतात, तिचं नाव काढून घेतात आणि अर्हा म्हणायला लागतात, म्हणजे खाऊन टाकलेली, आणि ती मोठी होते तोपर्यंत तिला स्वतःचं नावच आठवत नसतं, मग एक परका माणूस येतो आणि तो तिला तिचं नाव सांगतो. त्या पानाचा कोपरा पार मऊ झाला होता.

"मी पण पाच वर्षांची होते मॅडम."

वडील ॲक्सिडेंटमध्ये गेले तेव्हा ही तीन वर्षांची. दोन वर्षांनी आईचं दुसरं लग्न झालं, गॅझेट करून हिचं मधलं नाव आणि आडनाव बदललं, घर बदललं, गाव बदललं. आत्ताचे बाबा खूप चांगले आहेत, हे तिनेच दोनदा सांगितलं, आणि चांगले आहेत म्हणूनच घरात आधीच्या बाबांचं नाव कुणी काढत नाही, हिनेही कधी काढलं नाही.

मला इथे एरिक एरिक्सन आठवतो. 'आयडेंटिटी क्रायसिस', म्हणजे मी कोण हेच न कळण्याची अवस्था, हा शब्द ज्याच्यामुळे सगळीकडे पोचला तो मानसशास्त्रज्ञ. १९०२चा जन्म, खरे वडील कोण हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, सावत्र वडिलांचं आडनाव लावून वाढला आणि १९३९मध्ये अमेरिकेचा नागरिक होताना एरिक्सन हे नाव स्वतःच घेतलं. मी कोण हा प्रश्न त्याने आयुष्यभर का अभ्यासला असेल ते मला या मुलीकडे बघून जास्त कळलं. ती पुस्तकात पळून जात नव्हती, घरात जे विचारता येत नव्हतं ते तिथे जाऊन विचारत होती.

आईला मी एवढंच म्हणलं की पुस्तक काढून घेऊ नका, स्वतः वाचा. तिला इंग्रजी झेपेना, मग मुलीनेच रोज रात्री थोडं थोडं मराठीत सांगितलं. पुढच्या सेशनला आई म्हणाली, "पण मी जुनं काढलं तर ह्यांना काय वाटेल?" म्हणून त्यानंतर त्यांनाही बोलावलं. ते बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले, "मीच विचारणार होतो कितीतरी वेळा, मला वाटलं हिलाच नको असेल."

मार्क्स अजून काही फार वाढलेले नाहीत. पण त्या दिवशी आईने पर्समधून बालवाडीचं प्रगतिपुस्तक काढलं, त्यावर जुनं पूर्ण नाव होतं, ते तिने अकरा वर्षांनी मोठ्याने वाचलं. मुलीने ते हातात घेतलं, खालच्या पालकांच्या सहीवर बोट ठेवलं आणि विचारलं,

"आई, ही सही त्यांची आहे?"