प्रिंटके टाकल्यावर क्रॅश गायब होत असेल तर

लोड वाढला की लिनक्स कर्नलमधला ड्रायव्हर कोसळतो आणि प्रिंटके (लॉगमध्ये ओळ छापणारी कर्नलची सूचना) टाकली की आठवडाभर सुरळीत, हे तुमचं वर्णन वाचून हसू आलं, कारण आम्हीही हेच भोगलंय. अंबडला द्राक्षं ग्रेडिंग करणाऱ्या मशीनच्या कॅमेऱ्याचा ड्रायव्हर. ऑफिसात चोख, आणि दिंडोरीच्या पॅकहाउसला माल सुरू झाला की मशीन आडवं.

तुमच्या कोडात एममॅप लॉक (प्रोसेसच्या मेमरी नकाशावरचं कुलूप) घेऊन फाइंड_व्हीएमए होतंय, म्हणजे व्हीएमए (मेमरीच्या एका सलग तुकड्याची नोंद) शोधली जातेय, लॉक सुटतंय, आणि चार ओळी खाली तोच पॉइंटर वापरलाय. तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडने एमअनमॅप केलं, म्हणजे तो तुकडाच काढून टाकला, की संपलं. प्रिंटकेने वेळ तेवढी सरकते, बग जागेवरच.

आम्हाला सगळ्यात महागात पडला तो बोर्डवाल्यांचा सपोर्ट. नाव घेत नाही. आधी म्हणे रॅम खराब, मग पॉवर सप्लाय, मग 'मूळ कर्नलवर दाखवा'. अहो, तुमचा कॅमेरा मूळ कर्नलवर चालतच नाही! भर सीझनमध्ये शेवटी पॅच आला, उघडून बघतो तर आत एक यूडिले, म्हणजे काही मायक्रोसेकंद नुसतं थांबणं. क्रॅश कमी झाला, म्हणजे पकडायलाही अवघड झाला. असा पॅच कुणी दिला तर घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत. डर्टी काऊ ही लिनक्समधली गाजलेली सुरक्षा त्रुटीसुद्धा मेमरी कोडातलीच रेस (थ्रेडच्या वेळेवर अवलंबून असलेला बग), 2007 पासून पडून होती आणि 2016 ला दुरुस्त झाली.

कासॅन (मेमरीच्या चुका पकडणारी कर्नलची सोय) चालू करा. बोर्ड हळू होईल, होऊ द्या. रिपोर्टमधला पहिला स्टॅक वाचून लोक थांबतात; मी 'फ्रीड बाय टास्क', म्हणजे मेमरी कुणी सोडली तो भाग, आधी बघतो. आमच्या जुन्या 5.10 कर्नलवर तिथे सरळ एमअनमॅप दिसलं आणि रॅमचा वाद तिथेच मिटला. 6.4 वर असाल तर तिथे आरसीयूचा (मेमरी जरा उशिराने सोडण्याची कर्नलची पद्धत) कॉलबॅक दिसेल. मग त्याखालचा 'लास्ट पोटेन्शियली रिलेटेड वर्क क्रिएशन', म्हणजे ते सोडण्याचं काम कुणी लावलं तो भाग, वाचा.

उपाय म्हणून लॉक वाढवत नेऊ नका. व्हीएमएमधून जे हवं ते लॉकमध्येच काढून घ्या. मेमरीची पानं नंतर लागणार असतील तर ती धरून ठेवायला पिन_यूजर_पेजेस वापरा आणि काम झालं की अनपिन करा. एममॅप लॉक धरून कॉपी_टू_यूजर (प्रोग्रामच्या मेमरीत डेटा कॉपी करणं) तर अजिबात नको, पेज फॉल्ट आला (हवं ते पान जागेवर नसलं) की तेच लॉक पुन्हा मागितलं जातं. लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारी कर्नलची सोय) चालू असेल तर तो आधीच ओरडेल.

मी कर्नल मेंटेनर नाही, कोडही तुम्ही अर्धाच टाकलाय, तेव्हा चूभूद्याघ्या. कासॅनचा रिपोर्ट सिरीयल कन्सोलवरून अख्खा कॉपी करून टाका, स्क्रीनचा फोटो नको. वरच्या ओळी नेमक्या त्यात कापल्या जातात.