भंगारातल्या मॉरिस मायनरचं इंजिन आधी काढावं का?

इंजिनाला हात शेवटी लावा. वेळ पुरला नाही तर राहू द्या तिथेच, काही बिघडत नाही.

तुम्ही विचारलंय की भंगारात 1950 च्या दशकातली मॉरिस मायनर पडलीय, मालक हवं ते काढून न्या म्हणतोय, तर सुरुवात इंजिनापासून करू का. नेमका हाच वाद माझा आणि दादाचा अजून मिटलेला नाही. दादा म्हणतो गाडीचा जीव इंजिनात. मी म्हणतो, जे आता कुणी बनवत नाही ते आधी काढायचं.

आम्ही दोघांनी एक मायनर उभी करायला घेतली होती आणि स्पेअरसाठी तसाच एक सांगाडा सापडला. दादा बॉनेट उघडून तडक इंजिनाला भिडला. मी दाराच्या खांबाशी बसलो. 1961 पर्यंत बहुतेक मायनरना वळण दाखवायला लुकलुकणारे दिवे नसत, खांबाच्या फटीतून एक पिवळसर हात बाहेर यायचा. ट्रॅफिकेटर. आमच्या गाडीत त्या फटी कुणीतरी पत्रा ठोकून बुजवल्या होत्या. सांगाड्यात मात्र दोन्ही हात शाबूत! एक गंजून चिकटलेला. बोटाने ओढला असता तर प्लास्टिक तडकलंच असतं. तेल सोडलं, थांबलो, परत सोडलं. स्क्रूची खाच मातीने भरलेली, ती टाचणीने कोरून मोकळी केली, कारण खाच गेली की स्क्रू निघत नाही. आधी किंचित घट्ट, मग सैल, असं करत तो हलला. वायर जोडापाशी न कापता वीतभर मागून कापली. घरी बारा व्होल्टची बॅटरी लावली आणि कॉइलने खट्‌कन हात उचलला.

दादा तोवर म्हणत होता, "त्या काडीपायी दिवस घालवलास, इंडिकेटर लाव आणि मोकळा हो." त्याने आणलेल्या इंजिनाचे पिस्टन जाम होते. पिस्टन, बेअरिंग, व्हॉल्व्ह सगळं नवीन घातलं, म्हणजे आणला तो फक्त बिडाचा ठोकळा. मायनरमध्ये 1952 पासून बसलेलं हे ए सिरीज इंजिन 1951 मध्ये ऑस्टिन ए30 या गाडीत आलं आणि 2000 पर्यंत मिनी गाडीत बसत होतं. त्याचे पार्ट कधीही मिळतील. ट्रॅफिकेटर, स्पीडोमीटर, दाराची कुलपं, बिजागऱ्या, काच चढवायची यंत्रणा, क्रोमच्या पट्ट्या आणि त्यांच्या क्लिपा, हे आधी काढा. पुढची काच 1956 पर्यंत दोन सपाट तुकड्यांची असते, तशी कापून मिळते. नंतरची अखंड आणि वाकवलेली, ती मात्र जपून काढा. रबर सरळ कापून टाका, काच वाचवा. ब्रेकचे होज आणि सिलिंडर अजिबात उचलू नका, फुकट दिले तरी. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट त्याच पिशवीत ठेवा आणि सोडवण्याआधी फोटो काढा.

आणि हो, या गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं. ट्रॅफिकेटरच्या कॉइलला त्याने फरक पडत नाही, पण त्याच गाडीत आजकालचा रेडिओ लावायला गेलात तर तो जळेल. टाकी रिकामी दिसली तरी आत पेट्रोलची वाफ असते, जवळ ग्राइंडर चालवू नका. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. चेसिस नंबरची पट्टी जागेवरच राहू द्या, ती काढून दुसऱ्या गाडीला लावणं गुन्हा आहे.

एक राहिलं. ए सिरीजच्या आधीचं 918 सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन निघालं तर मात्र तेच आधी काढा, त्याचे पार्ट शोधताना नाकी नऊ येतात. दादाचं म्हणणं तेवढ्या एका गाडीपुरतं खरं आहे.