वुमन ग्रँडमास्टर आणि ग्रँडमास्टर यांत नेमका फरक काय? बुद्धिबळात बायकांचे किताब आणि क्रमवारी वेगळी का?

तुमचा प्रश्न असा, की दिव्या देशमुख २०२१ पासूनच वुमन ग्रँडमास्टर होती, मग २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषक जिंकून ती ‘ग्रँडमास्टर झाली’ म्हणून एवढा गाजावाजा कशाला? आणि ज्या खेळात अंगातली ताकद लागत नाही, तिथं बायकांचं वेगळं खातं हवंच कशाला? मी राज्यातल्या लहान-मोठ्या स्पर्धांत पंच म्हणून काम करते. मुलींचे आईवडील हे दोन्ही प्रश्न मला कायम विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वुमन ग्रँडमास्टर हा ग्रँडमास्टरच्या बरोबरीचा किताब नाही, तो बराच खालचा आहे. ग्रँडमास्टरला २५०० रेटिंग (निकालांवरून काढलेला, खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) गाठावं लागतं, वुमन ग्रँडमास्टरला २३००. इंटरनॅशनल मास्टरला २४००, तर वुमन इंटरनॅशनल मास्टरला २२००. त्याखालच्या फिडे मास्टर (फिडे म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघ) आणि कँडिडेट मास्टरचंही तेच, सगळीकडे २०० चा फरक. म्हणजे वुमन ग्रँडमास्टरची रेटिंगची अट साध्या फिडे मास्टरएवढी आहे आणि इंटरनॅशनल मास्टर तिच्या वरच्या पायरीवर आहे. पुण्याची ईशा करवडे किंवा गोव्याची भक्ती कुलकर्णी यांच्याकडे वुमन ग्रँडमास्टर आणि इंटरनॅशनल मास्टर असे दोन्ही किताब आहेत. बातमीत पहिला छापतात कारण तो भारदस्त वाटतो, पण खेळाच्या हिशेबात दुसरा मोठा.

२०० गुणांचा फरक किती मोठा, तर २५०० वाला २३०० वाल्याशी चार डाव खेळला तर त्यातले तीन गुण त्याचे, असा रेटिंगचा अंदाज सांगतो.

रेटिंगबरोबर किताबासाठी नॉर्मही लागतात, म्हणजे एखाद्या स्पर्धेतली ठरावीक दर्जाची कामगिरी: ग्रँडमास्टरला २६०० ची, वुमन ग्रँडमास्टरला २४०० ची. त्यांचा हिशेब पाहिलात तर हे आणखी स्पष्ट होईल. समजा, नऊ फेऱ्यांच्या स्पर्धेत एका मुलीनं सात गुण केले. तिच्या नऊ प्रतिस्पर्ध्यांच्या रेटिंगची सरासरी २३८० असेल, तर फिडेच्या तक्त्याप्रमाणे नऊपैकी सात गुणांचे २२० त्यात मिळवायचे. झाले २६००, म्हणजे ग्रँडमास्टरचा नॉर्म. सरासरी २१८० असेल तर त्याच सात गुणांचे होतात २४००, म्हणजे वुमन ग्रँडमास्टरचा नॉर्म. समोर किताबवाले किती बसले, किती देशांचे होते, या अटी त्याशिवाय आहेतच. असे नॉर्म मिळून किमान २७ डाव भरावे लागतात. नऊ-नऊ फेऱ्यांचे तीन नॉर्म धरले जातात ते म्हणूनच.

आता क्रमवारी. इथं फार गैरसमज आहे. बायकांचं रेटिंग वेगळं नसतं. रेटिंग एकच, सूत्र एकच. फिडे दर महिन्याला यादी काढते, त्यातूनच बायकांची नावं वेगळी काढून महिलांची यादी होते. चीनची हौ यिफान मार्च २०१५ मध्ये २६८६ पर्यंत गेली होती. ती महिलांत पहिली होतीच, पण सगळ्यांच्या यादीतही पहिल्या शंभरात होती. आपल्या कोनेरू हम्पीचं सर्वोच्च रेटिंग २६२३, तेही याच मापानं मोजलेलं. किताब मात्र एकदा मिळाला की जन्मभराचा. त्यामुळे नावापुढच्या अक्षरांपेक्षा आजचा आकडा बघावा, असं मी सगळ्यांना सांगते.

सूत्र एकच असलं तरी त्यात एक गोम आहे. बायका फक्त बायकांशीच खेळत राहिल्या तर त्यांचे आकडे आपापसांतच फिरत राहतात, बाकीच्या जगाशी त्यांचा मेळ राहत नाही. फिडेला हे १९८६ मध्ये जाणवलं आणि त्यावर जो उपाय काढला तो बघा: जानेवारी १९८७ च्या यादीत सगळ्या महिला खेळाडूंना सरसकट १०० गुण वाढवून दिले, एकटी हंगेरीची सुसान पोल्गार सोडून. कारण काय, तर ती पुरुषांबरोबर खेळत होती, म्हणून तिचं रेटिंग आधीच ‘खरं’ होतं! परिणाम असा की खुल्या स्पर्धांत घाम गाळून पहिल्या नंबरवर आलेली सुसान एका रात्रीत खाली आली आणि जॉर्जियाची माया चिबुर्दानिद्झे वर गेली. आकडेमोडीच्या दृष्टीनं त्यात तथ्य असेलही, पण मला विचाराल तर तो उघड अन्याय होता. सुसाननं १९९१ मध्ये नॉर्म आणि रेटिंग पूर्ण करून ग्रँडमास्टर किताब घेतला. त्या वाटेनं तो मिळवणारी ती पहिली बाई. (त्याआधी १९७८ मध्ये नोना गाप्रिंदाश्विलीला आणि १९८४ मध्ये चिबुर्दानिद्झेला फिडेनं तो दिला होता.) तिची धाकटी बहीण ज्युडिट तर महिलांच्या जगज्जेतेपदाच्या वाटेला कधी गेलीच नाही. २००५ मध्ये तिचं रेटिंग २७३५ झालं आणि सगळ्यांच्या यादीत ती आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचली होती. बायकांचे वेगळे किताब बंद करा, असं ती आजही जाहीरपणे म्हणते.

आपल्याकडे हा वाद त्याहून आधी झालाय. १९७६ मध्ये मुंबईची रोहिणी खाडिलकर वयाच्या तेराव्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. त्यावर केवढा गदारोळ झाला! प्रकरण हायकोर्टात गेलं आणि शेवटी फिडेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला, की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बायकांना मज्जाव करता येणार नाही. आज ‘पुरुष गट’ असं म्हणत नाहीत, ‘खुला गट’ म्हणतात. त्या बदलात या तेरा वर्षांच्या मुलीचा वाटा आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन बहिणींनी राष्ट्रीय महिला स्पर्धेची पहिली दहा वर्षं बाहेर कुणाला विजेतेपद जाऊच दिलं नाही. जयश्री १९७९ मध्ये भारताची पहिली वुमन इंटरनॅशनल मास्टर झाली. पहिली वुमन ग्रँडमास्टर मिळायला मात्र २००१ उजाडलं, चेन्नईची विजयालक्ष्मी. पुढच्याच वर्षी हम्पी थेट पूर्ण ग्रँडमास्टर झाली, तीही पंधराव्या वर्षी.

मग हे वेगळे किताब हवेत कशाला? खरं कारण बुद्धीचं नाही, संख्येचं आणि पैशाचं आहे. आमच्याकडच्या खुल्या स्पर्धेची यादी काढली तर मुलींची नावं शोधावी लागतात. साठ पटांच्या हॉलमध्ये आपल्यासारखं कुणीच नाही, रात्री परतायचं कसं, बरोबर कोण जाणार, हे प्रश्न मुलांच्या आईबापांना पडत नाहीत. अशा वेळी मधे एखादी पायरी असली की मुलगी दोन-तीन वर्षं जास्त टिकते. किताबामुळे आयोजक राहण्या-जेवण्याची सोय करतो, घरच्यांनाही वाटतं की काहीतरी होतंय. एवढ्यासाठी वुमन कँडिडेट मास्टर, वुमन फिडे मास्टर हे किताब राहावेत असं माझं मत आहे. वुमन ग्रँडमास्टरबद्दल मात्र मी साशंक आहे. नावात ग्रँडमास्टर आलं की पोहोचलो असं वाटायला लागतं.

हे मी टेबलावर बसून बघते. शेवटची फेरी असते, मुलगी बरोबरीच्या स्थितीत असते आणि बाहेर काकांचा हिशेब चाललेला असतो की अर्ध्या गुणात ‘उत्कृष्ट महिला खेळाडू’चं बक्षीस नक्की आहे. मुलगी पंधराव्या खेळीला बरोबरी मागते आणि हात मिळवून उठते. त्याच गुणांवर असलेला मुलगा पुढे तीन तास झुंजतो, कारण त्याला तसं बक्षीसच नसतं. डाव हरेल, पण शिकतो तो.

आता पुन्हा दिव्याकडे. बातुमीला गेली तेव्हा ती इंटरनॅशनल मास्टर होती. ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता, रेटिंग २५०० च्या खाली आणि मानांकन पंधरावं. तिनं चीनची झू जिनर, आपली हरिका द्रोणवल्ली, चीनचीच माजी जगज्जेती तान झोंगयी आणि अंतिम फेरीत हम्पी यांना हरवलं. हम्पीविरुद्ध दोन्ही क्लासिकल (जास्त वेळाचे) डाव बरोबरीत सुटले आणि २८ जुलैला जलद डावांच्या टायब्रेकमध्ये निकाल लागला. महिला विश्वचषक जिंकणारीला ग्रँडमास्टर किताब थेट द्यायचा, असा फिडेचा नियम आहे. तशी ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर आणि हम्पी, हरिका, वैशालीनंतरची चौथी महिला झाली.

गंमत बघा, खुला किताब मिळाला तो फक्त बायकांच्या स्पर्धेतून. त्यावरून काहींनी नाकं मुरडली. मला ते पटत नाही. पाठोपाठ अशा चार जणींना बाद करणं हे बेताच्या प्रतिस्पर्ध्यांसमोर जमवलेल्या तीन नॉर्मपेक्षा कमी कसं? पण २५०० ची परीक्षा तिला खुल्या स्पर्धांतच द्यायची आहे, हेही तितकंच खरं. त्याच वर्षी गोव्यात झालेल्या खुल्या विश्वचषकात ती वाइल्ड कार्डवर उतरली. २०६ खेळाडूंत एकटी बाई, आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडली. बातुमीत विजेतीला ५० हजार डॉलर होते, गोव्यात विजेत्याला १ लाख २० हजार. वेगळी स्पर्धा का, हे विचारताना हा फरकही विचारात घ्या.

तुमच्या घरात कुणी खेळणारी मुलगी असेल आणि म्हणून विचारत असाल, तर वर्षातल्या निम्म्याहून जास्त स्पर्धा खुल्या गटाच्या निवडा, आणि प्रवेशिका भरण्याआधी आयोजकाची मानांकन यादी उघडून तिच्यापेक्षा दोनशेनं वरचे किती जण आहेत ते मोजा.