अहवालात स्नायूच नाही, मग पुन्हा ऑपरेशन करायचं का?

प्रश्न : माझे वडील ६७ वर्षांचे आहेत. लघवीतून रक्त गेलं म्हणून तीन आठवड्यांपूर्वी दुर्बिणीतून मूत्राशयातली गाठ काढली. बायोप्सीत ‘हाय ग्रेड, टी-१, नमुन्यात स्नायूचा थर नाही, काही तुकडे जळालेले असल्याने खोली सांगता येत नाही’ असं आलंय. डॉक्टर पुन्हा तेच ऑपरेशन करायचं म्हणतात. नातेवाईक म्हणतात, पहिल्यांदा नीट केलं नाही, आता दुसऱ्यांदा बिल लावताहेत. सोनोग्राफी तर स्वच्छ आहे. थेट बीसीजी सुरू केलं तर?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दुसरं ऑपरेशन करून घ्या, आणि लांबवू नका. पहिल्या ऑपरेशननंतर साधारण दोन ते सहा आठवड्यांत ते व्हायला हवं, म्हणजे तुमच्या हातात फार दिवस नाहीत.

मूत्राशयाला आतून पातळ अस्तर, त्याखाली सैल थर आणि त्याखाली जाड स्नायू असतो. हाय ग्रेड म्हणजे पेशी आक्रमक आहेत. टी-१ म्हणजे कॅन्सर सैल थरात शिरलाय. स्नायूत शिरला की तो टी-२, आणि तिथून उपचारच बदलतात. बीसीजी म्हणजे क्षयाच्या लशीतलेच दुबळे जंतू. ते औषध म्हणून मूत्राशयाच्या पिशवीत सोडतात, ते आतल्या पृष्ठभागावर काम करतं. स्नायूतल्या कॅन्सरला ते पुरत नाही. तिथे मूत्राशय काढणं किंवा केमो-रेडिएशन यांचा विचार करावा लागतो. वडिलांच्या नमुन्यात स्नायूच आला नाही, त्यामुळे कॅन्सर तिथवर गेलाय की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. अशा स्थितीत बीसीजी सुरू केलं आणि आत टी-२ निघाला, तर मोलाचे महिने वाया जातील.

शिवाय हाय ग्रेड टी-१ मध्ये स्नायू मिळाला असता तरी पुन्हा ऑपरेशन करून तपासणं हीच रीत आहे. पहिल्या वेळी सगळं काढलंय असं वाटूनही एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांत काही ना काही शिल्लक सापडतं.

नातेवाइकांच्या शंकेबद्दल. स्नायू न येण्यामागे दरवेळी हलगर्जीपणा असतो असं नाही. गाठ बाजूच्या भिंतीवर असेल तर गाठ कापायच्या विजेच्या तारेने (लूपने) जवळच्या नसेला झटका बसतो, मांडी एकदम उडते आणि पिशवीला भोक पडण्याची भीती असते. पिशवीचा वरचा भाग पातळ असतो, तिथेही सर्जन हात आखडता घेतो. तुकडे जळतात तेही त्याच विजेने.

ऑपरेशनची तारीख ठरेपर्यंत एक काम उरका. पॅथॉलॉजी लॅबला विचारा : सगळे तुकडे तपासले का, की काही फॉर्मेलिनमध्ये शिल्लक आहेत? तुकडे बसवलेल्या मेणाच्या ब्लॉकमधून आणखी खोल काप घेता येतील का? उरलेले तुकडे लॅब फार दिवस ठेवत नाही. स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घेऊन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात. परळच्या टाटा मेमोरियलमध्येही अशी फेरतपासणी होते. अस्तराखाली बारीक स्नायूतंतू असतात, ते खऱ्या जाड स्नायूचे समजले जाण्याची चूक होते, तीही यात सापडते. पण या तपासणीसाठी ऑपरेशन पुढे ढकलू नका.

सर्जनला आधीच सांगा : जुन्या जागेचा तळ स्नायूसकट काढून वेगळ्या डबीत, ‘तळ’ असं लिहून पाठवा, कडांचा नमुना वेगळा. सगळं एकाच डबीत गेलं की अहवाल पुन्हा तसाच गुळमुळीत येण्याची शक्यता वाढते.

आधी लघवीचं कल्चर करून घ्या. जंतुसंसर्ग असेल तर तो आटोक्यात आणूनच टेबलावर जायचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा, स्वतःहून बंद करू नका. बहुधा कमरेत भूल देतात. नंतर एक ते तीन दिवस लघवीची नळी राहते. नळीतून गुठळ्या येऊन लघवी तुंबली, ताप आला किंवा पोट घट्ट होऊन दुखू लागलं, तर सकाळची वाट पाहू नका.

सोनोग्राफीवर विसंबू नका. आत उठलेली गाठ तिला दिसते. अस्तरातला सपाट कॅन्सर किंवा खोली दिसत नाही. सीटी स्कॅनलाही टी-१ आणि टी-२ यांतला फरक खात्रीने कळत नाही. एमआरआय बरा, पण ताज्या ऑपरेशनच्या सुजेने तोही फसतो.

दुसऱ्या ऑपरेशनमध्ये काहीच सापडलं नाही तरी बीसीजी लागेलच : आठवड्यातून एकदा असे सहा डोस आणि मग एक ते तीन वर्षं देखभालीचे. दुसऱ्यांदाही टी-१ निघाला, तर मूत्राशय काढण्याचा पर्याय सर्जनने मांडायला हवा. मांडला नाही तर तुम्ही विचारा.

प्रश्न : आईच्या अहवालात ‘लो ग्रेड, टीए’ आहे, गाठ एकच आणि छोटी, पण स्नायू नाही. तिलाही पुन्हा ऑपरेशन लागेल का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : गाठ पूर्ण निघाली असेल तर नाही. टीए म्हणजे अस्तरापुरताच. लो ग्रेडमध्ये स्नायू नसणं चालतं. तीन महिन्यांनी दुर्बिणीने तपासणी करा. ती स्वच्छ आली तर पुढची साधारण नऊ महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत दरवर्षी. त्यातली पहिली मात्र चुकवू नका.