सुरुवातीच्या पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याचा थेट अनुभव आणि अनोळखी भाषांत बोलणं यांवर भर देणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) सभांमध्ये सगळे मिळून गात, ते फक्त प्रवचनाआधी वातावरण तापवायला का?

नाही. बऱ्याचदा गाणं हीच सभा असायची, प्रवचन अधूनमधून.

लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवरची १९०६ सालची सभा घ्या. इमारत लाकडी, आधी चर्च, मग तबेला आणि गोदाम. खिळ्यांच्या पिंपांवर फळ्या टाकून केलेली बाकं, आणि विल्यम सीमोर या कृष्णवर्णीय उपदेशकापुढे व्यासपीठ म्हणून दोन लाकडी खोकी. सुरुवातीला तिथे ना वाद्यं होती, ना गीतांची पुस्तकं.

पुस्तक नसणं ही साधी गोष्ट नाही. मी पुस्तकवाल्या मंडळीत वाढलो. पाळकसाहेब 'उपासना संगीत'मधला नंबर सांगणार, पानं सळसळणार, पेटीवाला सूर देणार, मग आम्ही उभे राहणार. माझ्या आजीला वाचता येत नसे. ती पुस्तक उघडून धरायची, कधी कधी उलटं, आणि ओळीच्या शेवटच्या शब्दावर आम्हाला गाठायची. अझूसात तिनेच गीत सुरू केलं असतं आणि बाकीच्यांनी उचललं असतं. पुस्तकच नाही म्हटल्यावर ज्याला पाठ आहे तो सुरू करणार, मग ती धुणीभांडी करणारी बाई का असेना. काळे आणि गोरे वेगळ्या चर्चांत बसत त्या काळात हे घडत होतं. 'द कम्फर्टर हॅज कम' (सांत्वनकर्ता, म्हणजे पवित्र आत्मा, आला आहे) हे त्यांचं लाडकं गीत पुन्हा पुन्हा गायलं जाई.

दुसरा प्रकार म्हणजे 'आत्म्याने गाणं'. शब्द ठरलेले नाहीत, चालही नाही. एकाने सूर लावला की बाकीचे आपापल्या सुरात मिसळत. आतल्यांना तो स्वर्गीय गायकवृंद वाटे. शहरातल्या एका वर्तमानपत्राने मात्र १८ एप्रिलच्या बातमीत या सभांची 'भाषांचा विचित्र गोंधळ' अशी संभावना केली.

याची मुळं कृष्णवर्णीयांच्या उपासनेत आहेत: एकाने ओळ टाकायची, सर्वांनी उचलायची, टाळ्या, पायांचा ठेका. आपल्या भजनात बुवा आणि टाळकरी करतात त्याच्या फार लांब नाही हे.

आणि सगळं अमेरिकेतूनच आलं असंही नाही. पुण्याजवळच्या केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, १९०५ सालीच मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या होत्या. अझूसाच्या 'अपोस्टोलिक फेथ' या पत्राने मुक्तीच्या बातम्या छापल्या.

वाद्यं नंतर आली, आणि जोरात आली. चर्च ऑफ गॉड इन क्राइस्ट या कृष्णवर्णीय पेंटेकॉस्टल पंथातली अंध पियानोवादक ॲरिझोना ड्रेन्स हिची १९२६ची ध्वनिमुद्रणं शोधून ऐका. डोळे मिटून ऐकलंत तर एखाद्या गुत्त्यातला पियानो वाटेल. शब्द मात्र येशूचे.