ओडिसियसने घरी पोचल्यावर पेनेलोपीला लगेच ओळख का दिली नाही?

तुमचा प्रश्न असा आहे की ट्रॉयच्या युद्धाला गेलेला आणि वीस वर्षांनी परतलेला माणूस बायकोला 'मी आलो' असं न सांगता भिकाऱ्याच्या वेषात का वावरतो? त्याचा तिच्यावर विश्वास नव्हता का? माझं उत्तर : पुरता नव्हता. आणि तिचाही त्याच्यावर नव्हता.

शाळेत असताना मी होमर या ग्रीक कवीच्या 'ओडिसी'ची मुलांसाठीची आवृत्ती वाचली होती. त्यात एकडोळ्या राक्षस, माणसांची डुकरं करणारी सर्सी, सगळं रंगवून सांगितलेलं, आणि घरी आल्यानंतरचं दीड पानात गुंडाळलेलं. मूळ काव्याचा पूर्ण अनुवाद हातात आला तेव्हा कळलं की 24 सर्गांपैकी 13व्यातच गडी आपल्या बेटाच्या, इथाकेच्या किनाऱ्याला लागतो. पुढचं जवळजवळ अर्धं महाकाव्य किनाऱ्यापासून शेजघरापर्यंत पोचण्यातच जातं.

व्यवहारी कारण तर उघडच आहे. घरात पेनेलोपीशी लग्न करायला टपलेले 108 जण ठाण मांडून बसलेत आणि हा एकटा. त्यात ट्रॉयच्या युद्धातला ग्रीकांचा सेनापती अगमेम्नॉन याची गोष्ट त्यानं ऐकलेली. तो ट्रॉयहून उजळ माथ्यानं घरी गेला आणि बायकोच्या प्रियकरानं त्याला मेजवानीतच कापला. पाताळात भेटलेलं अगमेम्नॉनचं भूत ओडिसियसला बजावतं, की तुझी पेनेलोपी तशी नाही, तरी गलबत चोरूनच किनाऱ्याला लाव. अथीना देवीही कौतुकानं म्हणते, दुसरा कुणी असता तर धावत घरी गेला असता, तू आधी बायकोची परीक्षा घेणार. मग तीच त्याची कातडी सुरकुतवते, केस घालवते, अंगावर चिंध्या चढवते. आपले पांडव अज्ञातवासात निदान विराटाच्या, परक्या घरी लपले. हा स्वतःच्याच उंबऱ्यावर बसून स्वतःच्याच घरचं अन्न भीक म्हणून मागतो.

मला या सगळ्यात सर्वांत आवडतो तो डुकरं राखणारा युमियस. तो या अनोळखी भिकाऱ्याला जेवू घालतो, झोपताना पांघरायला जाड घोंगडं देतो. पण 'तुझा मालक येतोय' हे त्याचं बोलणं मात्र अजिबात मानत नाही. अशा थापा मारून मालकिणीकडून जेवण उकळणारे त्यानं खूप पाहिलेत. म्हणजे मालक परतेल ही आशा सोडूनही हा माणूस त्याची डुकरं इमानानं राखतोय. मग ओडिसियसचा मुलगा टेलिमॅकस येतो, तेव्हा दहा वर्षांनी परतलेल्या एकुलत्या एका मुलाला बापानं कवटाळावं तसा युमियस त्याला मिठी मारतो. खरा बाप बाजूला बसून ते नुसतं बघतो.

ओडिसियसच्या आर्गोस कुत्र्याबद्दल सगळ्यांनीच लिहिलंय. मी एवढंच सांगतो, की शेणाच्या ढिगावर पडलेला तो म्हातारा कुत्रा शेपूट हलवतो तेव्हा ओडिसियस गुपचूप डोळे पुसतो आणि युमियसला विचारतो, हा पळायलाही चपळ होता की नुसता दिसायलाच देखणा? जवळ जाऊन थोपटणं परवडणारं नव्हतं. तेवढ्यात कुत्रा मरतो.

आता पेनेलोपी. 19व्या सर्गात दोघं रात्री समोरासमोर बसलेत. तिचा नवरा आपल्याला एकदा भेटला होता, असं भिकारी सांगतो आणि डोंगरावरचा बर्फ वितळावा तशी ती रडते. त्याचे डोळे मात्र शिंगाचे किंवा लोखंडाचे असावेत तसे स्थिर. पाय धुताना म्हातारी दाई युरिक्लिया मांडीवरचा रानडुकराच्या सुळ्याचा वण ओळखते, तर हा तिचा गळा धरतो. जिनं याला लहानाचा मोठा केला तिचा! तिनं तोंड उघडलं तर जीव घेईन, अशी धमकीही देतो.

पण शेवटची परीक्षा तिची असते. लग्नाला टपलेल्या त्या सगळ्यांना ओडिसियसनं मारल्यावरही पेनेलोपी त्याच्या गळ्यात पडत नाही. ती दाईला सहज सांगते, यांनी बांधलेला तो पलंग बाहेर काढून यांना अंथरूण घाल. ओडिसियस भडकतो. पलंग हलवला कुणी? त्याचा एक खूर म्हणजे जमिनीत रुजलेलं ऑलिव्हचं झाड, त्यानं स्वतः तासलेलं. जो माणूस इतके दिवस भेटेल त्याला नवी थाप मारत आला, त्याला हिनं एका वाक्यात चिडवून खरं बोलायला लावलं. आणि मग बुडत्या गलबतातून पोहून आलेल्यांना जमीन दिसावी, ही उपमा कवी तिला देतो. समुद्रातून खरोखर आलाय तो, पण उपमा तिच्यासाठी.

निष्ठेच्या या हिशोबातलं एक पान मला आजही सोसवत नाही. घरातल्या 50 दासींपैकी 12 जणींना लग्नाला टपलेल्या त्या लोकांशी संग केला म्हणून फासावर चढवतात. पाशात सापडलेल्या पाखरांसारख्या त्या लटकतात, पाय थोडा वेळ थरथरतात. पण आधी ओडिसियसनंच त्या पुरुषांवर आरोप केलाय, की तुम्ही माझ्या दासींवर बळजबरी केलीत. आणि हा स्वतः कॅलिप्सो या अप्सरेकडे सात वर्षं राहून आलेला.

आणि सोंगाची सवय जात नाही ती नाहीच. घरातलं सगळं संपल्यावर, बापापासून लपायचं काही कारण नसताना, तो म्हाताऱ्या बापाला भेटायला मळ्यात जातो. लाएर्टीस ठिगळं लावलेल्या कपड्यांत रोपाभोवतीची माती उकरतोय. ओडिसियस नाशपातीच्या झाडाखाली उभा राहून रडतो, आणि तरीही जाऊन बापाला खोटं नाव, खोटं गाव सांगतो. म्हातारा मुठीनं धूळ उचलून डोक्यावर घालतो, तेव्हा कुठे याला राहवत नाही. बाप खूण मागतो. हा वण दाखवतो, आणि लहानपणी बापामागे बागेत हिंडताना त्यानं 'ही तुझी' म्हणून दिलेली झाडं मोजून दाखवतो : नाशपातीची 13, सफरचंदाची 10, अंजिराची 40, आणि द्राक्षांच्या 50 ओळी, ज्या द्यायचं तुम्ही कबूल केलं होतं.