साबणाची कांडी नको, आणि पावडर मध्येच थांबवू नका

तुम्ही लिहिलंय की धाकटा आठ महिन्यांचा आहे. वरचं खाणं सुरू झाल्यापासून तीन-तीन दिवस शी करत नाही, आणि करतो तेव्हा खडे पडतात. मोठी अडीच वर्षांची. तिला डॉक्टरांनी पाण्यात घालायची पावडर दिली होती, आठवड्यात पोट साफ झालं म्हणून तुम्ही ती बंद केली, आणि आता ती पुन्हा पाय आवळून कोपऱ्यात उभी राहते. घरातले म्हणतात की शी व्हावी म्हणून धाकट्याच्या गुदद्वारात साबणाची कांडी सरकवा आणि मोठीला पावडर नको, सवय लागेल. ही दोन वाक्यं वाचली आणि उत्तर लिहायला बसले. सवयीचा हा वाद मी फार वर्षं घालत आलेय आणि तो दरवेळी मुलांच्याच अंगावर निघतो.

धाकट्याचं आधी उरकते, ते सोपं आहे. बद्धकोष्ठता दिवसांवर ठरत नाही, शीच्या कडकपणावर ठरते. फक्त अंगावर पिणारं बाळ दीड महिन्याचं झालं की कधी कधी सात-दहा दिवसही शी करत नाही. शेवटी मऊ शी झाली, मधल्या काळात बाळ नीट पीत असेल आणि पोट फुगलेलं नसेल, तर त्याला काहीही झालेलं नाही. याउलट रोज शी करणाऱ्या बाळाचे खडे पडत असतील तर ती बद्धकोष्ठताच. तुमच्याकडे खडे आहेत, म्हणजे उपाय करायला हवा.

वरचं खाणं सुरू झालं की आतड्याला पहिल्यांदाच घट्ट मळ पुढे ढकलावा लागतो, आणि नेमका त्याच वेळी तांदळाचं मऊ खाणं आणि न पिकलेलं केळं यांचा मारा होतो. दोन्ही आठ-दहा दिवस बाजूला ठेवा. त्यांच्या जागी ओट्स किंवा जव द्या. फळांत नासपती, पीच, आलुबुखार, पपई. सगळ्यांत खात्रीचं म्हणजे सुकवलेलं आलुबुखार, म्हणजे प्रून. बिया काढलेले चार-पाच प्रून गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, त्याच पाण्यात कुस्करा, साल राहिली तर गाळा. सुरुवातीला दोन लहान चमचे, दिवसातून दोनदा. नासपतीचा किंवा प्रूनचा रसही चालतो, दिवसभरात ६० ते १२० मिली, तेही थोडेच दिवस. या फळांत सॉर्बिटॉल नावाची साखर असते. ती पुरती शोषली जात नाही, आतड्यातच राहते आणि पाणी धरून ठेवते, म्हणून मळ मऊ होतो. प्रमाण जास्त झालं की वायू धरतो, ढुंगण लाल होतं. तसं झालं तर निम्म्यावर या.

खाण्याबरोबर पाणी घोट-घोट द्या, दिवसाला एकूण १२० ते २४० मिली पुरे. हे सहा महिन्यांच्या पुढच्या बाळांसाठी आहे. त्याआधी नुसतं पाणी पाजू नये. तान्ह्याच्या रक्तातलं सोडियम त्यानं खाली येतं आणि झटके येऊ शकतात.

पावडरचं दूध देत असाल तर भांड्यात आधी पाणी मोजून घ्या, मग पावडर घाला. चमचा काठोकाठ, वरून सुरीच्या पाठीनं सपाट केलेला. ‘बाळाचं पोट भरत नाही’ म्हणून एक चमचा वाढवणं हे कडक शीचं फार साधं आणि फार वेळा नजरेतून सुटणारं कारण आहे. दुधातल्या लोहाला लोक दोष देतात. नेहमीच्या दुधात असतं तेवढ्या लोहानं बद्धकोष्ठता होत नाही, त्यासाठी कमी लोहाचं दूध शोधू नका.

मालिश करायची तर दूध पाजून पाऊण तास झाल्यावर. बोटं बाळाच्या पोटावर उजव्या बाजूला खाली ठेवा, तिथून वर बरगडीपर्यंत, मग आडवी डावीकडे, मग डाव्या बाजूनं खाली. मोठं आतडं त्याच वाटेनं जातं, उलटं फिरवून उपयोग नाही. मग गुडघे छातीकडे, सायकलसारखे, दोन-तीन मिनिटं. कोमट पाण्यात बसवल्यानं गुदद्वाराचा स्नायू सैल पडतो. याहून मोठी अपेक्षा मालिशीकडून ठेवू नका. खडा आत तयार असेल तर तो मालिशीनं मऊ होत नाही.

आता कांडी. साबण आतल्या नाजूक अस्तराला भाजतो, आग होते, सूज येते. त्या आगीमुळेच आतडं आवळून मळ बाहेर फेकतं आणि आपल्याला वाटतं उपाय लागू पडला. थर्मामीटर, तेल लावलेलं बोट, पानाचा देठ, सगळ्यांची गोष्ट तीच, शिवाय इजा होण्याची भीती. त्याहून मोठं नुकसान शिकण्याचं होतं. लहान बाळं कधी कधी दहा-वीस मिनिटं लाल होऊन कुंथतात, रडतात आणि मग चक्क मऊ शी करतात. ती बद्धकोष्ठता नसते. पोटानं जोर लावायचा आणि त्याच वेळी खालचा स्नायू सैल सोडायचा, हा मेळ त्यांना अजून जमलेला नसतो. नऊ महिन्यांच्या आत हे दिसतं आणि आपोआप जातं. दर वेळी खालून काहीतरी सरकवलं तर बाळ हेच शिकतं की कुणी हात लावल्याशिवाय शी होत नाही. सवय लागण्याची एवढी काळजी असेल तर ती इथे करा! पावडरवर बोट दाखवणारे लोक कांडी मात्र दर तिसऱ्या दिवशी लावतात.

बाळ फारच अडलं असेल तर डॉक्टरांना विचारून तान्ह्यांच्या मापाची ग्लिसरीनची सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून आत सरकवायचं औषध, एकदा. बाळाला पाठीवर झोपवा, गुडघे पोटाशी, टोकाला पाणी लावा, स्नायूच्या आत जाईल इतकीच सरकवा आणि ढुंगण दोन मिनिटं मिटून धरा. अर्ध्या तासाच्या आत शी होते. विचारल्याशिवाय दुसरी लावू नका.

मोठीकडे येते, खरं दुखणं तिथे आहे.

‘ती कुंथते पण होत नाही’ असं तुम्ही लिहिलंय. ती कुंथत नाहीये. पाय एकमेकांत अडकवणं, टाचा उचलणं, अंग ताठ करणं, पडद्यामागे जाणं, खुर्चीला धरून उभं राहणं, हे सगळं शी रोखण्यासाठी चाललेलं असतं. कधीतरी एकदा कडक शी झाली, चीर पडली, दुखलं. अडीच वर्षांच्या मुलीनं त्यावरून सरळ हिशेब केला, शी म्हणजे दुखणं, तर शी करायचीच नाही. रोखलेला मळ गुदाशयात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात, पडून राहतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, मळ आणखी मोठा आणि कडक होतो आणि पुढच्या वेळी आणखी दुखतं. इकडे गुदाशय ताणला जातो. ताणलेल्या गुदाशयाला भरल्याची जाणीव उशिरा होते, म्हणजे पुढे ती मुद्दाम रोखत नसली तरी तिला कळतच नाही. मागच्या बाजूनं मूत्राशयावर दाब येतो म्हणून काही मुलं पुन्हा अंथरूण ओलं करू लागतात.

आणि एक फसवं चित्र. साचलेल्या गोळ्याच्या कडेनं वरचा पातळ मळ झिरपतो आणि चड्डी दिवसातून चार वेळा खराब होते. घरात त्याला जुलाब म्हणतात, आणि जुलाब थांबवायचं औषध दिलं की सगळंच बिघडतं. अशा मुलाला ‘घाण करतेस’ म्हणून रागावणं क्रूर आहे. त्याला ते आवरत नाही, कळतही नाही.

आता पावडर. डॉक्टर बहुतेक वेळा देतात ती पॉलिइथिलीन ग्लायकॉल. ती पाणी धरून आतड्यातून जाते, अंगात जवळजवळ शोषली जात नाही आणि आतड्याच्या स्नायूला डिवचत नाही. लॅक्ट्युलोज या पातळ औषधाचं काम साधारण असंच, वायू मात्र जास्त धरतो. न डिवचणाऱ्या औषधाची आतड्याला सवय लागत नाही. मग थांबवल्यावर पुन्हा का अडलं? कारण ताणलेला गुदाशय आठवड्यात मूळ मापाला येत नाही आणि अडीच वर्षांच्या डोक्यातली भीती तर नाहीच नाही. पावडरनं मळ मऊ केला, पण ‘दुखत नाही’ हा अनुभव पुरेशा वेळा मिळायच्या आधीच ती बंद झाली. औषध फार दिवस दिल्यानं मूल त्यावर अवलंबून राहतं असं लोक म्हणतात. मी उलट म्हणते, अर्धवट दिल्यानं दुखणं पक्कं होतं आणि मग खरंच फार दिवस द्यावं लागतं.

प्रमाण डॉक्टर वजनावर ठरवतात. मोठा गोळा साचलेला असेल तर आधी तो काढावा लागतो. त्यासाठी किलोमागे दिवसाला १ ते १.५ ग्रॅम, तीन ते सहा दिवस. या दिवसांत चड्ड्या खराब होणार, पोट दुखणार, हे आधीच ठाऊक असू द्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी घाबरून थांबवाल. नंतर रोजचं प्रमाण किलोमागे साधारण ०.४ ग्रॅमपासून सुरू होतं आणि शी बघून कमी-जास्त केलं जातं. हे आकडे घरी डोस ठरवण्यासाठी नाहीत, तुम्हाला लिहून दिलेला डोस कशासाठी आहे ते कळावं म्हणून सांगतेय. रोज एक किंवा दोन, मऊ, न दुखणारी शी हे लक्ष्य. पावडर सांगितलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा, पाणी कमी करू नका, कारण कामाला तेच येतं. चव जवळजवळ नसते. कपभर पाणी दिवसभर रेंगाळत ठेवलं तर निम्मं फेकलं जातं आणि ‘औषध लागू पडत नाही’ असा निष्कर्ष निघतो.

किती दिवस? किमान दोन महिने, आणि त्यातला शेवटचा निदान एक महिना एकही त्रास न होता गेलेला असावा. मग हळूहळू कमी, एकदम बंद नाही. पॉटीचं शिक्षण चालू असेल तर ते पूर्ण होईपर्यंत थांबवायचं नाही. तुमच्या मुलीला हे थेट लागू होतं.

पॉटीचा आग्रह सध्या सोडा. तिला डायपरमध्येच शी करायची असेल तर डायपर बांधा, आधी शी न दुखता होऊ दे. नंतर जेवण झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी बसवा, कारण पोट भरलं की मोठं आतडं आपोआप हलतं. पाच मिनिटं पुरे. पाय लोंबकळता कामा नयेत. पायाखाली पाट किंवा घट्ट डबा हवा, गुडघे कमरेच्या वर, अंग किंचित पुढे. पाय अधांतरी असले की खालचा स्नायू सैल सुटतच नाही. शाबासकी बसल्याबद्दल द्या, शी झाल्याबद्दल नको. फुगा फुगवायला दिला तर पोटाचा जोर आपोआप योग्य जागी लागतो. चीर असेल तर शीच्या आधी पेट्रोलियम जेलीचं बोट बाहेरून फिरवा.

दूध मोजा. दीड-दोन वर्षांची मुलं दिवसाला लिटरभर दूध पितात आणि मग जेवायला जागा उरत नाही. ४०० ते ५०० मिलीच्या वर नको. काही मुलांत गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी हेच कारण असतं. औषध नीट देऊनही फरक पडत नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीत दोन ते चार आठवडे दूध बंद करून बघतात. भाज्या, सालीसकट फळं, डाळी वाढवाच, पण गोळा साचलेला असताना नुसता कोंडा वाढवलात तर गोळाच मोठा होईल. आहार पुढच्या महिन्यांसाठी आहे, आज अडलेल्या मुलीसाठी नाही.

हे सगळं धडधाकट मुलांसाठी लिहिलंय. पुढचं काही दिसलं तर घरगुती काहीच नको, डॉक्टरकडे जा. जन्मानंतर पहिल्या ४८ तासांत काळी शी झाली नव्हती, किंवा पहिल्याच महिन्यात त्रास सुरू झाला. पोट फुगून टणक झालंय, उलटी हिरवी होतेय. शी फितीसारखी चपटी येते. वजन वाढत नाही. पाय लुळे वाटतात, किंवा माकडहाडावर खळगा किंवा केसांचा पुंजका आहे. कडक शीच्या वर लाल रेघ ही बहुधा चिरेची असते, पण शीत मिसळलेलं रक्त किंवा रक्तासोबत ताप वेगळा.

एरंडेल नको. खनिज तेल वर्षाच्या आत अजिबात नको, ठसका लागून फुप्फुसात गेलं तर तिथे सूज धरते. दोन वर्षांखाली फॉस्फेटचा एनिमा घरी कधीच नाही, रक्तातलं कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत खाली येतं. आणि धाकट्याला पोट साफ व्हावं म्हणून कुणी मध चाटवत असेल तर आजच थांबवा. मधातल्या जंतूंच्या बीजांनी वर्षाखालच्या बाळाला बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारा आजार, होऊ शकतो, आणि त्याचं पहिलं लक्षण बहुतेकदा बद्धकोष्ठताच असतं. त्यासोबत रडणं क्षीण झालं, दूध ओढण्याची ताकद गेली, पापण्या खाली आल्या किंवा मान धरेनाशी झाली, तर सकाळ होण्याची वाट न बघता रुग्णालयात न्या.